वस्तरा कोणाच्या हातात?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रयोग आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखाच आहे. एकाने चित्र बघायचं आणि ते न बघितलेल्या दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. चित्रात रेल्वेचा डबा आहे. काही माणसं बसली आहेत आणि दोघं समोरासमोर उभे आहेत, एक गोरा आणि एक काळा. गोऱ्याच्या हातात उघडा वस्तरा आहे. निम्म्याहून जास्त वेळा सांगता सांगता कुठेतरी तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला.

मुद्दाम खोटं बोला असं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तपशील गळत गेले आणि रिकाम्या जागा डोक्यात आधीपासून असलेल्या चित्राने भरून काढल्या.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे निरोपातला एक बिट जरी बदलला तरी तो पकडायच्या युक्त्या आहेत. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेला व्हिडिओ हजाराव्या माणसाकडेही तसाच पोचतो, त्यात कानगोष्टींसारखी गळती होत नाही. मग वस्तरा हात कसा बदलतो?

२०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातला, कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत एवढा शेवट कापला होता, बाकी चित्र अस्सल. बदलली ती खालची ओळ: टोळी आपल्या भागात आली आहे, पोरं सांभाळा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार होता. तिथे पाच अनोळखी माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. पोरं पळवणारे म्हणून त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला अशाच संशयावरून जमावाने घेरलं. त्यांच्यासोबत दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्या काही रहिवाशांनी आणि पोलिसांनी त्यांना वाचवलं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आधी ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि मग भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. उपाय वाईट नव्हता. पण त्याने वेग कमी होतो. भीती नेमकी कोणावर जाऊन बसते, हे ॲपमध्ये लिहिलेलं नसतं. ते त्याच्या फार आधी ठरलेलं असतं.

‘झोप, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल’ हे मी ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असेल. बोलताना ती नुसती गंमत असते. पण फिरत्या माणसावरच्या संशयाला आपल्याकडे कायद्याचीही जोड मिळाली होती. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्यात जन्मलेला माणूस संशयित. पोलिसांत नाव नोंदवायचं, ठरलेल्या हद्दीबाहेर जायला पास घ्यायचा. आणि या जाहीरनाम्यावर कोर्टाला प्रश्न विचारता येत नव्हता. माझ्या मते ती सरकारी शिक्का मारलेली अफवाच होती, आणि ती ८१ वर्षं चालली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं ते १९८७ मध्ये. जमातीच्या नावातच चोरी ठेवलेल्या माणसाचं हे आत्मकथन. कायदा जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती, आणि त्यांच्या अंगावरचा संशय तसाच होता.

डवरी गोसावी आपल्याकडे भटक्या जमातींत मोडतात, विमुक्तांत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, पण राईनपाड्यात तो विचारायला कुणी थांबलं नाही. झोळी आणि अनोळखी तोंड एवढंच पुरलं.

पाचची मर्यादा येऊनही थांबलं नाही. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. त्या भागात आधीपासून चोरांच्या, मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा होत्या. मग त्या हत्येचीच अफवा झाली. मारणारे मुसलमान होते, असं सोशल मीडियावर फिरायला लागलं. खुनाचा व्हिडिओ तोच, वस्तरा मात्र तिसऱ्याच माणसाच्या हातात, जो तिथे नव्हताच. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांच्या नावांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता.

आमच्या ऑफिसात जेवताना एकदा तो विषय निघाला. टेबलावर सहा जण होतो, सगळे इंजिनिअर. चौघांना व्हिडिओ आठवत होता. त्यातल्या दोघांना मारणाऱ्यांचा धर्मही ‘आठवत’ होता. यादीबद्दल विचारलं तर म्हणाले, कुठली यादी?