पायगाडीची पत

बेळगावात आजही एका रस्त्यास किर्लोस्कर रोड म्हणतात. बायसिकल हे नावसुद्धा पुष्कळांच्या कानी पडले नव्हते अशा काळी त्या गावात किर्लोस्कर बंधूंनी पायगाड्यांचे दुकान मांडले. १८८८ हे या उद्योगाचे आरंभवर्ष धरले जाते. बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव सिद्ध केली तेही हेच वर्ष. कॉव्हेंट्रीच्या स्टार्ली यांची, दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली ‘रोव्हर’ गाडी निघून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. म्हणजे आजच्या सायकलीचा सांगाडा आणि तिची धाव ही दोन्ही नुकतीच जन्माला येत असताना एक मराठी कुटुंब या वाहनाच्या व्यापारात उतरले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. तेथून ते गाड्या पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. गिऱ्हाइकाला गाडीवर बसावयाचे शिक्षणही दुकानदारालाच द्यावे लागे. एका गाडीची किंमत ७०० ते १००० रुपये आणि शिकवणीचे १५ रुपये, असे त्या घराण्याच्या आठवणींत नमूद आहे.

हे आकडे वाचून आम्ही थबकलो. त्या काळच्या सामान्य कारकुनाचा वर्षाचा पगारही त्या एका गाडीला पुरला नसता. गाडी घेणारा एक तर साहेब असे, नाही तर संस्थानिक, नाही तर मोठा वकील. पुढे किर्लोस्कर नांगर आणि चरक यांच्याकडे वळले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि सायकलीचे दुकान हा त्या मोठ्या ग्रंथाचा पहिला अध्याय होऊन राहिला. आम्हाला मात्र त्या अध्यायातच अधिक रस आहे. सायकलीची किंमत उतरत गेली तसतशी ती आपल्यासारख्यांच्या दारी आली, आणि तसतशी तिच्या मालकाची पतही उतरत गेली. ही उतरण कशी झाली ते सामान, शर्यती आणि चोरी या तीन वाटांनी पाहावे असा या लेखाचा विचार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर विलायती गाड्या स्वस्त होऊ लागल्या. त्या काळच्या हौसेचे शिखर म्हणजे मुंबईच्या पारशी तरुणांची जगप्रदक्षिणा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे इराण-इराकची वाळवंटे, आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान आणि चीन ओलांडून सुमारे ४४,००० मैलांनंतर मार्च १९२८ मध्ये परत आले. त्यांच्या प्रवासवर्णनाला पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभली. गिअर नाही, वाटेत दुरुस्तीचे दुकान नाही, कित्येक ठिकाणी रस्ताही नाही! आज पाठीशी मोटार घेऊन निघणाऱ्या हौशी मंडळींनी हे पुस्तक एकदा तरी चाळावे.

आपल्या वाट्याला आली ती काळी, दणकट, सुमारे २० किलो वजनाची गाडी. २२ किंवा २४ इंची सांगाडा, २८ इंची चाके, दांड्याचे ब्रेक आणि मागे कॅरिअर. ही गाडी प्रथम बाहेरून येई. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियान्याला हीरो असे कारखाने उभे राहिले. वरळी सोडली तर यांतील एकही गाव महाराष्ट्रात नाही. नोकरीनिमित्त मराठी माणूस ज्या प्रांतांत जाऊन राहिला तेथेच त्याची सायकल घडत होती, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो. हिंद आणि सेन-रॅले या दोन कंपन्या १९८० मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या आणि पुढे त्या बंदच पडल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, थांबला.

त्या गाडीचे लाड ज्यांनी केले त्यांनाच तिचे रुसवे ठाऊक. नवी गाडी हातात पडण्यापूर्वीचे शिक्षण वडिलांच्या गाडीवर होई. पाय सीटवरून पोहोचत नसत, म्हणून नळीखालून पाय घालून, अंग तिरके करून, अर्ध्या फेऱ्यांनी पायडल मारावयाचे. गुडघ्यांवरच्या खुणा हीच शिकवणीची फी. मग तासाच्या भाड्याची सायकल आणि तिचे घड्याळाकडे पाहत घेतलेले सुख. हवा भरण्याच्या पितळी वॉल्व्हमध्ये रबराची बोटभर नळी असे. उन्हाळ्यात ती चिरे आणि सकाळी पाहावे तो चाक बसलेले. पंक्चर झाले असे समजून दुकानी जावे, तर दुकानदार दोन पैशांची वॉल्व्ह ट्यूब बदलून देई. खरे पंक्चर असले तर पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे शोधणे, कानशीने घासणे, सोल्यूशन लावून ते वाळेपर्यंत फुंकर घालणे आणि जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटविणे असा विधी चाले. पावसाळ्यानंतर ओव्हरहॉलिंग, म्हणजे सगळे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसविणे. एखादा छर्रा हरवला की रविवार गेला. कातडी सीट पावसात भिजली की तिचा झोला होई आणि खालचा नट आवळीत बसावे लागे. साडी नेसणाऱ्या भगिनींसाठी आडवी नळी नसलेली गाडी आणि मागच्या चाकावर पदर अडकू नये म्हणून जाळी असे. तीवरून शाळा-कॉलेजांत गेलेल्या मुलींनी किती उंबरठे ओलांडले याचा स्वतंत्र इतिहास कोणी तरी लिहावयास हवा.

आणि दिवा! प्रथम रॉकेलचा, मग कार्बाइडचा. वरच्या खणातील पाणी थेंब थेंब कार्बाइडवर पडावे, वायू निघावा आणि तो पांढराशुभ्र जळावा. त्याचा उग्र वास अंगरख्याला चिकटून घरी येई. नंतर धावेला घासून फिरणारा डायनॅमो आला. तो पायाला जड आणि थांबले की अंधार, म्हणजे चौकात उभ्या असलेल्या पोलिसापुढेच नेमका दिवा मालवे. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे दोन गुन्हे न केलेला सद्गृहस्थ आम्हाला अजून भेटावयाचा आहे. आमच्या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवांची वर्गणी याच गाड्यांवरून जमा झाली. या शहराची भाषा धड न येणारे आमचे सभासद, कॅरिअरला पावतीपुस्तक अडकवून, दारावरच्या मराठी आडनावाच्या पाटीवरून घरे शोधीत हिंडत.

आता शर्यतींकडे वळू. ‘हौशी’ या शब्दाला एक जुना डाग आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील मैदानी खेळांच्या नियमांत हौशी खेळाडू म्हणजे सभ्य गृहस्थ असे धरलेले होते. हाताने काम करणारा कारागीर वा मजूर त्यातून वगळलेला होता. आपल्याकडे सायकल शर्यतीने हा भेद फार दिवस मानला नाही. १९३८ साली सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये भारतातर्फे जानकीदास उतरले. हेच पुढे चित्रपटांत नट म्हणून सर्वांना परिचित झाले. १९४६ मध्ये त्यांनी आणि मुंबईच्या सोहराब भूत यांनी राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपला संघ गेला, त्यात पारशी तरुण बरेच होते. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत सांघिक पाठलाग शर्यतीत भारताने रौप्यपदक मिळविले.

तथापि आपल्या मनातली शर्यत ती नव्हे. ती मुंबई-पुण्याची. खोपोलीपर्यंत सगळे बरोबरीने आणि मग बोरघाट. घाटमाथ्यावर जो पहिला पोहोचेल तो ‘घाटाचा राजा’, मग शेवटी पुण्यात कोणीही जिंको. या किताबाचे मोल घाटाखाली वाढलेल्या माणसालाच कळेल. त्याच घाटातून आपल्या बापजाद्यांच्या आगगाड्या पुढे-मागे दोन इंजिने लावून चढल्या. जिल्ह्याजिल्ह्यांच्या शर्यतींत देशी बनावटीच्या साध्या गाड्यांचा गट वेगळा असे. आम्ही पाहिलेल्या अशा शर्यतींत मडगार्ड, कॅरिअर, घोडी काढून ठेवून आदल्या दिवशी कामावर नेलेलीच गाडी पळविणारे पुष्कळ असत. बक्षीस म्हणून एखादी सायकलच मिळे. सोमवारी मडगार्ड पुन्हा बसवावयाचे आणि पाळीवर जायचे.

हल्लीची हौस निराळी आहे. सात-आठ किलोची कार्बनची गाडी, किंमत लाखांत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावयाचे, पण क्रमांक लावावयाचा नाही, अशा ब्रेव्हेंना देशभर तरुण आणि आमच्या वयाचेही लोक जातात. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रॅम’ शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने बारा दिवसांच्या आत संपविली. या मंडळींबद्दल आम्हाला अभिमान आहे. एवढेच वाटते की बेळगावच्या दुकानात ७०० रुपयांची गाडी घेणारा आणि हा, दोघे एकाच पंक्तीचे झाले. मधला, पाळीवर जाणारा, त्या पंक्तीत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. तेव्हा तो नाहीसा झालेला नाही, दिसेनासा झाला आहे, इतकेच.

तो दिसेनासा झाला याचा पुरावा चोरीत सापडतो. एके काळी पुष्कळ नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. कर भरताना लोक कुरकुरत. परंतु त्या बिल्ल्याच्या क्रमांकापुढे वहीत मालकाचे नाव असे. कर गेले, बिल्ले गेले आणि सायकलीचा सरकारदरबारी असलेला एकमेव दाखलाही गेला. चोराला तर संबंध गाडी नेण्याचीही गरज नसे. घंटीची वाटी, पंप, डायनॅमो, सीट असे एकेक अवयव जात. संबंध गेली तर चाके एकीकडे, सांगाडा दुसरीकडे. आमच्यापैकी एका सभासदाची गाडी वाचनालयाच्या दारातून गेली. मागच्या चाकाचे कुलूप लावलेले होते, पण उचलून नेणाऱ्याला चाक फिरावयाची आवश्यकता नव्हती. ठाण्यावर त्यांना विचारले, पावती आहे? सांगाड्याचा नंबर काय? दोन्ही नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते साडेचार मैल पायी कामावर जाऊ लागले.

व्हित्तोरियो द सिका यांचा १९४८ चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९५२ साली भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम सायकलीवाचून मिळत नाही आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल जाते, हे दुःख आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नाही. २०१८ च्या ‘सायकल’ या मराठी चित्रपटातही कोकणातील एका ज्योतिषाची गाडी चोर नेतात. तेथे कथेला हसरे वळण आहे. प्रत्यक्षात ते क्वचित मिळते.

आणि कायदा? १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीस गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असली, आरोपीचा तो पहिलाच गुन्हा असला आणि त्याने वस्तू अथवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पहिल्यांदा चुकलेल्या मुलास तुरुंगात धाडू नये, हा हेतू आम्हाला मान्य आहे. परंतु पाच हजारांखालील चोरी अदखलपात्रही ठरविली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांनी तपास करावयाचा नाही. काळी, दहा वर्षे वापरलेली सायकल या रेषेखाली पडते आणि लाखाची कार्बनची वर राहते. ज्याला दुसरी गाडी घेता येणार नाही त्याच्याच तक्रारीला आधी परवानगी हवी!

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. सांगाड्याचा नंबर बहुधा सीटखालच्या नळीच्या जोडावर ठोकलेला असतो, काही गाड्यांत पायडलांच्या आसाच्या नळकांड्याखाली. त्यावर तेल-माती साचलेली असते. चिंधीला थोडे रॉकेल लावून पुसले की अक्षरे दिसतात. तो नंबर विकत घेतल्याच्या पावतीमागे लिहून, पावती घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. घरकामास येणाऱ्या बाईंच्या यजमानांची, दूधवाल्याची, पेपर टाकणाऱ्या मुलाची गाडी दारात उभी असेल तेव्हा त्यांचाही नंबर त्यांना उतरवून द्यावा. दोन मिनिटे लागतात.