पूल, बोगदा आणि पुल बोगदा : भोपाळ शहर रूळ आणि तलाव कसं ओलांडत आलं

भोपाळला नवीन आलेल्या मराठी माणसाला एका जागेचं नाव हमखास गमतीचं वाटतं. ते म्हणजे ‘पुल बोगदा’. पूल वरून जातो, बोगदा खालून जातो, मग ही दोन्ही नावं एकाच जागेला कशी? जिन्सीकडून प्रभात चौराह्याकडे जाताना रुळांखालून रस्ता जातो, तीच ही जागा. रेल्वेसाठी तो पूल आणि आपल्यासाठी बोगदा! आज या जागेची आठवण काढायचं कारण असं की मेट्रोच्या ऑरेंज आणि ब्लू या दोन्ही मार्गिका इथेच एकमेकींना भेटणार आहेत. म्हणजे शहराची जुनी अडचण आणि तिच्यावरचा सगळ्यात नवा उपाय एकाच ठिकाणी.

बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेताना हल्ली दोनच विषय कानावर पडतात, भाव आणि मेट्रो. खरं तर बिट्टन मार्केट या दोन्ही मार्गिकांवर नाही. पण ‘स्टेशनला जायला आता किती वेळ लागेल’ हा प्रश्न अरेरा कॉलनीत घरोघरी आहे. या प्रश्नाला दोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे, तो थोडक्यात मांडतो.

बांध हाच रस्ता

भोपाळमध्ये पहिली अडचण पाण्याची. मोठा तलाव अकराव्या शतकातल्या राजा भोजाने बांध घालून तयार केला असं मानतात. कमला पार्कचा रस्ता त्या बांधावरूनच जातो. १७९४ मध्ये नवाब हयात मुहम्मद खान यांचे दिवाण छोटे खान यांच्या काळात धाकटा तलाव झाला. जहांगीराबादच्या बाजूचा ‘पुल पुख्ता’ त्याच तलावाशी जोडलेला. पुख्ता म्हणजे पक्का. म्हणजे आपल्याकडे पाणी अडवायला जे बांधलं, त्याच्यावरूनच माणसं जाऊ लागली. वेगळा पूल बांधायची गरज फारशी पडली नाही, कारण शहर तलावाच्या एका अंगाला, तटाच्या आत होतं.

दुसरी अडचण रुळांची. शाहजहान बेगमांच्या कारकिर्दीत, त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने, इटारसीहून रेल्वे आली आणि १८८४ मध्ये भोपाळ स्टेशन सुरू झालं. तेव्हा रूळ शहराच्या पूर्वेला, बाहेरून गेले होते. रुळांपलीकडे जायचं काम रोज कुणाला नव्हतं. एक बोगदा आणि थोडी फाटकं पुरेशी होती.

१९५६ : पलीकडे शहर उभं राहिलं

हे सगळं बदललं १ नोव्हेंबर १९५६ ला. भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्या, फायली, कारकून, साहेब असे सगळे नागपूरहून इकडे आले. आपल्यातल्या कितीतरी घरांची भोपाळची गोष्ट या बदलीपासूनच सुरू होते. त्यांना जागा मिळाली तलावाच्या दक्षिणेला, नव्या वस्तीत. तिचं नावही आपल्या ओळखीचं, तात्या टोपे नगर. त्याच सुमारास रुळांच्या पूर्वेला ‘भेल’चा कारखाना आला आणि गोविंदपुरा, पिपलानी या वसाहती उभ्या राहिल्या.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुनं शहर तलावाच्या उत्तरेला, सरकार दक्षिणेला, कारखाना रुळांच्या पूर्वेला. नोकरी एकीकडे, बाजार दुसरीकडे, स्टेशन तिसरीकडे. ही तीन शहरं जोडायला होतं काय? एक बांध, एक बोगदा आणि फाटकं. पुढे रुळांवरून भारत टॉकीजसारखे पूल झाले. पण भार वाढतच गेला. आमच्या लहानपणी ‘भट सुअर’ नावाने ओळखला जाणारा काळा टेम्पो माणसं कोंबून धूर सोडत जायचा. फाटक पडलं की त्यातल्या त्यात गप्पा रंगायच्या. नाइलाज होता, दुसरं काय!

तोडलेली बस-वाट

नंतर उपाय म्हणून बीआरटीएस आली. मिसरोद ते बैरागढ, सुमारे २४ किलोमीटर. २०१३ मध्ये ती सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध जाळी लावून बससाठी स्वतंत्र वाट. कल्पना वाईट नव्हती. पण जिथे गर्दी सगळ्यात जास्त, त्या जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यावर वेगळी वाट देताच आली नाही. तिथे बस पुन्हा सगळ्यांच्या गर्दीतच शिरायची. म्हणजे साखळीची नेमकी कच्ची कडी तशीच राहिली. शेवटी २०२३ च्या अखेरीस ती काढायचं ठरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये बैरागढच्या बाजूने तोडकाम सुरू झालं. उणीपुरी दहा वर्षं! भोपाळच्या दळणवळणाच्या इतिहासात इतकं कमी आयुष्य फार थोड्या गोष्टींना मिळालं असेल.

दुसरं उदाहरण ऐशबागच्या पुलाचं. फाटकाऐवजी रुळांवरून पूल हवा ही मागणी जुनीच. ६४८ मीटरचा पूल झाला, आणि जून २०२५ मध्ये देशभर गाजला तो त्याच्या काटकोनी वळणामुळे. जागा कमी आणि शेजारी मेट्रोचं काम, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. सात अभियंत्यांवर निलंबनाची कारवाई झाली. लोकांनी विनोद खूप केले. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात दुसरं काही दिसतं. रेल्वे, राज्याचं बांधकाम खातं, मेट्रो या तिघांचे नकाशे एकाच चिमूटभर जमिनीवर येतात आणि तिघांना एकत्र बसवणारं कुणी नसतं. पुल बोगदा तिथून हाकेच्या अंतरावर आहे, हे विसरू नका.

वरून की खालून?

हा प्रश्न आपल्याच गावचा नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात समुद्राकाठी १९५३ पासून एक दुमजली उड्डाणमार्ग होता. २००१ च्या भूकंपात त्याला धक्का बसला. नवा पूल बांधायचा की बोगदा, यावर २००७ मध्ये लोकांचा कौल घेतला तर लोकांनी दोन्ही नाकारले! शेवटी बोगदाच ठरला. खोदणारं यंत्र २०१३ च्या डिसेंबरात अडकलं, ते दोनेक वर्षं पुढे सरकलं नाही. बोगदा उघडला २०१९ मध्ये. मुंबईत परळ आणि प्रभादेवीला जोडणारा १९१३ चा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला. तिथे दुमजली पूल होणार आहे, खालून रोजची वाहतूक आणि वरून अटल सेतूकडे जाणारी. पण शेजारच्या चाळींतल्या लोकांना घराची चिंता लागली ती वेगळीच. पूल बदलतो तेव्हा त्याच्या बगलेतलं जगणंही बदलतं.

आपल्या मेट्रोला केंद्राची मंजुरी ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाली. दोन मार्गिका मिळून २७.८७ किलोमीटर आणि खर्चाचा अंदाज ६,९४१ कोटी रुपये. सुभाषनगर ते एम्स हा ८ स्थानकांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. हा भाग खांबांवरून जातो. सुभाषनगरच्या पुढे पुल बोगदा, ऐशबाग, आणि मग गाडी जमिनीखाली जाणार. भोपाळ स्टेशन आणि नादरा बस स्टँड ही दोन स्थानकं भुयारी. जुन्या शहरात वर जागाच उरलेली नाही, म्हणून हा मार्ग. बीआरटीएस जिथे हरली तिथेच मेट्रोची खरी परीक्षा आहे. नव्या भोपाळमधला टप्पा सोपा होता.

आपलं काम

मंडळी, मेट्रो हवी की नको हा या लेखाचा विषय नाही. ती आली आहे, आणि यावीच. मुद्दा एवढाच की भोपाळने प्रत्येक वेळी जुन्या वाटेवरच नवी वाट रचली. बांधावर रस्ता, रुळांखाली बोगदा, रुळांवर पूल, आता खांबांवर आणि भुयारात गाडी. जेव्हा जुन्या वाटेचा अभ्यास झाला नाही तेव्हा काटकोन आला, नाहीतर दहा वर्षांत तोडकाम आलं.

बीआरटीएसचे बसथांबे गेले. त्यांचे फोटो आपल्यापैकी किती जणांकडे आहेत? बहुतेकांकडे नसतील. रोजच्या गोष्टीचा फोटो कोण काढतो! पण पुल बोगद्याच्या बाबतीत हे होऊ देऊ नये. तिथे स्थानक पूर्ण उभं राहायच्या आधी त्या भागाचे फोटो, जुन्या दुकानदारांच्या आठवणी, भट सुअर चालवलेल्यांच्या गोष्टी, १९५६ ला नागपूरहून आलेल्या आजी-आजोबांची पहिल्या दिवसांची हकीकत, जे मिळेल ते टिपून ठेवा. ज्यांच्या घरात अशी वयस्क माणसं आहेत त्यांनी याच आठवड्यात त्यांच्यापाशी बसावं. स्टेशनवर उतरून टी. टी. नगरला कसे गेलात, एवढा एकच प्रश्न विचारा. पुढचं ती आपणहून सांगतील.