भास्कराचार्यांचा घोडा आणि आठवीतला भाचा

गेल्या शनिवारी वणीला ताईकडे गेलो होतो. गडावर जाऊन देवीचं दर्शन झालं, रात्री मांडे झाले, आणि मग भाच्याने वही पुढे केली. ३क्ष + ५ = २०. पठ्ठ्याने लिहिलं होतं: ३क्ष = २५. "मामा, बाजू बदलली की चिन्ह बदलायचं हे मी नेहमी विसरतो. मला गणित जमणारच नाही."

मी म्हटलं, "का बदलतं ते माहितीये का?" तो म्हणाला, "नाही. तू सांग."

आणि मंडळी, इंजिनिअरिंगची पदवी खिशात असूनही मी दोन मिनिटं गप्प बसलो! मीही ते वाक्य पाठच केलं होतं.

मग आठवले भास्कराचार्य. जन्म १११४, 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे भाग असलेला 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. बीजगणितात त्यांचं एक झकास उदाहरण आहे. एका माणसाकडे ६ घोडे आणि ३०० रुपये. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती?

अज्ञात संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणायचे, थोडक्यात 'या'. ज्ञात संख्या म्हणजे 'रूप', थोडक्यात 'रू'. दोन्ही बाजू एकाखाली एक लिहायच्या, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचं. दोघांकडचे सहा-सहा घोडे काढून घ्या. संपत्ती अजूनही सारखीच. पहिल्याकडे उरले ३०० रुपये, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० कर्ज. आता दोघांनाही शंभर-शंभर द्या. ४ घोडे = ४००. घोडा शंभराचा!

म्हणजे 'बाजू बदलणं' वगैरे काही नसतंच. दोघांना सारखंच द्यायचं किंवा दोघांकडून सारखंच काढायचं, बस्स. गंमत म्हणजे हीच रीत आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, साडेसहाशे वर्षं आधी, एका ओळीच्या नियमात सांगितली होती.

"पण आधी ५ का काढायचे? आधी ३ ने का नाही भागायचं?" भाच्याचा पुढचा प्रश्न. आधी भागलं तरी चालतं, फक्त मग पाचालाही भागावं लागतं आणि अपूर्णांक मागे लागतात. सोपा रस्ता 'लीलावती'त आहे: विलोमविधी, म्हणजे उलट्या क्रमाने परत येणं. त्याला म्हटलं, आज गडावर जाताना आधी नांदुरी लागलं, मग घाट. येताना? "आधी घाट, मग नांदुरी." तसंच! क्ष ला आधी तिनाने गुणलं, मग ५ मिळवले. येताना आधी ५ काढ, मग तिनाने भाग. २०, १५, ५. त्याने स्वतःच पडताळा घेतला आणि पुढची चार गणितं न विचारता सोडवली.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात १२०७ चा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा तो लेख. त्याचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. आजोबांचे ग्रंथ पुढेही शिकवले जावेत, म्हणून नातवाने केलेली मठाची ही सोय.

निघताना भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी पाटणादेवीला जाऊ." मीही अजून पाहिलेलं नाही. जाऊ!