परमिटचं सिमेंट

परवा शेजारच्या प्लॉटवर सिमेंटचा ट्रक आला. मालकाने सकाळी फोन केला, दुपारी पोती उतरली. मला एकदम १९८० साल आठवले.

तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. अर्ज करायचा आणि परमिटची वाट बघायची. माल गरजेप्रमाणे नव्हे, मंजुरीप्रमाणे मिळे. कोकणातल्या आमच्या घरासाठी ४० पोती मिळाली ती मेअखेर. मी पेढे वाटले! आठवड्यात मृग लागला आणि काम थांबले ते दिवाळीपर्यंत.

पोती तागाची, हवा आतबाहेर खेळणारी. सिमेंटवर पाणी पडायलाच हवे असे नाही. दमट हवेनेही त्याचे कण पोत्यातच आळू लागतात आणि मग पुढे नीट धरत नाहीत. बरे साठवले तरी तीन महिन्यांत साधारण २० टक्के ताकद जाते असे धरतात. कोकणातल्या पावसाळ्यात काय होत असेल! उपाय साधेच. पोती वीतभर उंच फळ्यांवर रचावीत, भिंतीपासून हातभर लांब. थप्पी दहा पोत्यांहून उंच नको, खालची दाबाने दगड होतात. खोली बंद ठेवावी, आधी आलेले आधी वापरावे. आई भाताची कणगी अशीच जपायची. मी मात्र पडवीत, जमिनीवरच, भिंतीला टेकवून पोती रचली आणि वर ताडपत्री घातली. ओल वरूनच येते, ही माझी समजूत.

दिवाळीनंतर गवंड्याने पोत्यांत हात घालून पाहिले. चिमटीत भुगा होणारे खडे एकीकडे, न फुटणारे दुसरीकडे. ९ पोती स्लॅबला चालणार नाहीत म्हणाला. मी चिडलो. पुन्हा परमिट कोण देणार? कुटून, चाळून घाल म्हटले. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, खाली तुमचीच पोरं निजणार ना?"

ती पोती खळ्याच्या कोब्यात गेली. दोन वर्षांत कोबा उखडला. स्लॅब अजून उभा आहे.

जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीत नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण. लोकांच्या लक्षात राहिले ते राजकारण. परमिट हातचे जाऊ नये म्हणून पावसाळाभर घरात साठवलेले, अर्धमेले सिमेंट कुणाकुणाच्या स्लॅबात गेले, हे कुठे लिहिलेले नाही. सगळ्यांनाच आमच्यासारखा हट्टी गवंडी मिळाला नसणार.

शेजारची पोती मातीवरच टाकलेली दिसली. खाली जाऊन म्हटले, "अहो, फळ्या तरी घाला." मालक हसले, "काका, उद्या संपतील."