घरगुती इंधनावरील शासकीय अनुदान : वस्तूकडून खात्याकडे

इंधन महागले म्हणजे शासनाने गृहस्थास साहाय्य करावे, ह्याविषयी स्वातंत्र्योत्तर भारतात फारसा मतभेद झालेला आढळत नाही. वाद झाला तो हे साहाय्य कोणत्या वाटेने पोचवावे ह्याविषयी. एक वाट वस्तूची : रॉकेल किंवा गॅस सर्वांनाच स्वस्त विकावा आणि येणारी तूट शासनाने अथवा तेलकंपन्यांनी सोसावी. दुसरी वाट कुटुंबाची : वस्तू बाजारभावाने विकावी आणि फरकाची रक्कम कुटुंबाच्या हाती द्यावी. १९७३ च्या तेलसंकटापासून २०१५ पर्यंतच्या काळात भारताने पहिली वाट क्रमाक्रमाने सोडून दुसरी धरली. ह्या स्थित्यंतराचे सामान्यतः जे स्पष्टीकरण दिले जाते ते गळतीचे : स्वस्त वस्तू गरिबापर्यंत पोचत नव्हती, म्हणून पैसा थेट पोचविणे प्राप्त झाले. हे स्पष्टीकरण खरे आहे, परंतु अपुरे आहे. वाट बदलल्यामुळे अनुदान कमी करण्याचा निर्णय कोणी, केव्हा आणि कोणाच्या देखत घ्यावयाचा, हेही बदलले. आणि त्याचे परिणाम गळतीच्या आकड्यांत दिसत नाहीत.

‘घासलेट’ आणि ‘रॉकेल’ हे मराठीतील दोन्ही शब्द इंग्रजीवरून आलेले आहेत, आणि त्यांपैकी पहिला तर मूळचा दिव्याशी निगडित आहे. रॉकेल हे प्रथम उजेडाचे साधन होते. शहरांतील चाळींतून स्टोव्ह रुळल्यावर ते स्वयंपाकाचेही झाले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडताच तेथील तेल बंद झाले, आणि एका परक्या खनिजावर आपले घर किती अवलंबून आहे ह्याचा पहिला अनुभव देशाला आला. पुढे तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन परदेशी कंपन्यांचे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तरीही तेलाचे भाव आयातीच्या भावांवरून ठरत. त्यांची शासकीय छाननी करण्यासाठी के. आर. दामले ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला. ह्या टप्प्यावर प्रश्न कंपन्यांचा नफा किती असावा हा होता. गृहस्थाला साहाय्य देण्याचा प्रश्न अजून उपस्थित झालेला नव्हता.

तो उपस्थित केला १९७३ ने. ऑक्टोबरातील पश्चिम आशियाच्या युद्धानंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून जवळजवळ १२ डॉलरवर गेला. महाराष्ट्रात त्याच सुमारास दुष्काळाचा घाला पडलेला होता. मुंबईत १९७२ मध्येच महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती स्थापन झालेली होती. मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर ह्या निरनिराळ्या पक्षांच्या नेत्या तीत एकत्र आल्या होत्या. धान्य, साखर आणि गोडे तेल ह्यांच्या बरोबरीने रॉकेल हीही ह्या समितीच्या मागण्यांतील एक वस्तू होती. लाटणी घेऊन निघालेल्या ह्या मोर्चांचे वर्णन बहुधा स्त्रीचळवळीच्या इतिहासात येते. ते इंधन-अनुदानाच्या इतिहासातही यावयास हवे. कारण भाव हा शासनाने ठरवावयाचा असतो आणि म्हणून शासनाकडेच जाब मागावयाचा असतो, ही समजूत सर्वसामान्य गृहिणीच्या मनात ह्याच वर्षांत पक्की झाली.

त्याच दशकात परदेशी तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि भावनिश्चितीची शासकीय व्यवस्था आकारास आली. तिची रचना चतुर होती. पेट्रोल व विमानाचे इंधन ह्यांचे भाव खर्चापेक्षा चढे ठेवावयाचे, रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅस ह्यांचे उतरते. आणि एकाची शिल्लक दुसऱ्याच्या तुटीत वळती करावयाची. ह्या जमाखर्चास ‘ऑइल पूल अकाउंट’ असे नाव होते. तो अर्थसंकल्पाच्या बाहेर असल्यामुळे त्यावर लोकसभेत मतदान होत नसे. कोट्यवधी रुपयांचे साहाय्य देशात वर्षानुवर्षे वाटले जात होते आणि त्याचा पुष्कळसा भाग ‘अनुदान’ ह्या शीर्षकाखाली कोठेही दिसत नव्हता. मात्र ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू तितकीच स्पष्ट होती. रकमेवर पडदा असला तरी भाव उघडा होता. शिधावाटपाच्या दुकानावरील फळ्यावर तो लिहिलेला असे, आणि तो एका रुपयाने वाढवावयाचा झाला तरी मंत्रिमंडळाला त्याची जबाबदारी घ्यावी लागे.

ह्या जबाबदारीची धास्ती किती होती हे एका गोष्टीवरून कळते. मार्च २००२ पासून जून २०१० पर्यंत शिधापत्रिकेवरील रॉकेलचा मूळ भाव बदलला नाही. दिल्लीत तो लिटरला सुमारे ९ रुपये होता. ह्याच अवधीत, जुलै २००८ मध्ये, कच्च्या तेलाने पिंपाला १४७ डॉलरची पातळी गाठली. वस्तुतः १ एप्रिल २००२ रोजी भावनिश्चितीची जुनी व्यवस्था विधिवत् मोडीत काढण्यात आली होती, आणि अर्थसंकल्पातून द्यावयाचे मर्यादित अनुदान तीन ते पाच वर्षांत संपवावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात हे अनुदान रॉकेलच्या लिटरमागे ८२ पैसे आणि गॅसच्या सिलिंडरमागे २२ रुपये ५८ पैसे एवढ्यावर येऊन थांबले, आणि उरलेली, सिलिंडरमागे पुढे कित्येक शे रुपयांवर गेलेली, तूट तेलकंपन्यांच्या वह्यांत किंवा त्यांना दिलेल्या शासकीय रोख्यांत दडविण्यात आली. २०१२-१३ ह्या वर्षी ही एकूण तूट सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपयांची होती. अर्थात् तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा डिझेलचा होता, हे विसरता कामा नये.

गळतीचा प्रश्न काल्पनिक मुळीच नव्हता. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २००५ च्या पाहणीत शिधावाटपाच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के रॉकेल अन्यत्र वळते असे आढळले होते. २०१४-१५ च्या आर्थिक पाहणीने हा आकडा ४१ टक्के दिला. स्वस्त रॉकेलाला निळा रंग देण्यात येई, २००६ मध्ये ओळख पटविणारे रसायनही मिसळून पाहण्यात आले. परंतु रॉकेल लिटरला सुमारे १२ रुपये आणि डिझेल त्याच्या तिप्पट, अशी स्थिती असताना रंगाने काय साधणार? भेसळीचा धंदा भावातील ह्या फरकावरच पोसला होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या टँकरमधून चालणारी चोरी पाहून चौकशीस गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना जिवंत जाळण्यात आले. राज्यभरातील शासकीय कर्मचाऱ्यांनी त्याच्या निषेधार्थ काम बंद ठेवले. गरिबाच्या दिव्यासाठी म्हणून स्वस्त ठेवलेल्या वस्तूचे हे पर्यवसान होते.

गॅसची कहाणी वेगळी. तेथे चोरीपेक्षा पात्रतेचा प्रश्न मोठा होता. मुंबईत १९५५ पासून गॅस विकला जाऊ लागला, तरी पुढे कित्येक दशके जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि खासदारांच्या कोट्यातील कूपन मिळणे हे मध्यमवर्गीय घरात भाग्याचे लक्षण समजले जाई. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत स्वयंपाकासाठी मुख्यतः गॅस वापरणारी कुटुंबे शहरांत सुमारे ४४ टक्के, तर खेड्यांत अवघी ५ टक्के आढळली. सरपण आणि गोवऱ्या ह्यांवर चूल पेटविणाऱ्या स्त्रीला ह्या अनुदानातील छदामही मिळत नव्हता. वस्तूवरील अनुदान वस्तू विकत घेणाऱ्यालाच मिळते. जो अधिक घेतो त्याला अधिक मिळते. ह्या साध्या सत्याकडे धोरणकर्त्यांनी इतका काळ डोळेझाक केली, ती त्यांच्या स्वतःच्या घरांतही गॅसच होता म्हणून, असे म्हटल्यास ते सर्वस्वी अन्यायाचे होणार नाही.

जून २०१० मध्ये रॉकेल ३ रुपयांनी वाढले, तेव्हा ५ जुलै रोजी विरोधी पक्षांनी भारत बंद पुकारला. १३ सप्टेंबर २०१२ रोजी वर्षाला ६ च अनुदानित सिलिंडर देण्याचे ठरताच, ह्या व अन्य निर्णयांच्या निषेधार्थ एका घटक पक्षाने केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. मर्यादा पुढे ९ वर आणि जानेवारी २०१४ मध्ये १२ वर न्यावी लागली. वस्तूच्या भावाला हात लावणे किती जड जाते हे शासनाला पुरेपूर कळून चुकले. १ जून २०१३ रोजी काही जिल्ह्यांत सुरू झालेली, मध्यंतरी स्थगित झालेली आणि १ जानेवारी २०१५ पासून ‘पहल’ ह्या नावाने देशभर लागू झालेली योजना ह्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. गॅस बाजारभावाने घ्यावा, फरक बँकेच्या खात्यात जमा व्हावा, हे तिचे स्वरूप. बनावट व दुहेरी जोडण्या तीमुळे उघडकीस आल्या, आणि त्या वर्षी झालेल्या आवाहनावरून एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान स्वेच्छेने सोडले.

आता भाव दोन झाले : दुकानात द्यावयाचा एक, आणि खात्यातील जमा वजा जाता पडणारा दुसरा. पहिला दर महिन्यास आंतरराष्ट्रीय बाजाराप्रमाणे हालत असे. दुसरा किती हे ग्राहकाला वजाबाकी केल्यावाचून समजत नसे. जुलै २०१६ पासून हा दुसरा भाव महिन्याला २ रुपयांनी आणि जून २०१७ पासून ४ रुपयांनी वाढविण्याची मुभा तेलकंपन्यांना देण्यात आली. ही गोष्ट जुलै २०१७ च्या अखेरीस संसदेत लेखी उत्तरातून उघड झाली तेव्हा गदारोळ झाला, आणि ऑक्टोबरात वाढ थांबविण्यात आली. वर्षभर चाललेली वाढ कोणाच्या डोळ्यांत आली नव्हती. आदेश वाचला गेला तेव्हाच ती आली.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब स्त्रियांना गॅसची जोडणी दिली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद येथे प्रदान करण्यात आली. चुलीच्या धुरातून सुटका करणारे हे कार्य मोठे होते ह्यात शंका नाही. परंतु शेगडी आणि पहिले सिलिंडर ह्यांची किंमत बहुसंख्य स्त्रियांना कर्जाऊ दिलेली होती, आणि ते कर्ज अनुदानातूनच वळते केले जाई. म्हणजे ज्यांना साहाय्याची गरज सर्वाधिक, त्यांनाच आरंभीची सिलिंडरे पूर्ण भावाने घ्यावी लागत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात अशा ग्राहकांचा वार्षिक सरासरी वापर ३.२१ सिलिंडर इतकाच असल्याचे नमूद केले.

मे २०२० मध्ये साथीमुळे जगभर तेल कोसळले आणि दिल्लीतील सिलिंडर ७४४ रुपयांवरून ५८१ रुपये ५० पैशांवर आले. फरकच उरला नाही, म्हणून खात्यात जमा होणारी रक्कम शून्यावर आली. ह्यात आक्षेपार्ह काहीच नव्हते. त्यानंतर मात्र भाव पुन्हा चढू लागले. जुलै २०२२ मध्ये ते १,०५३ रुपयांवर गेले, आणि सर्वसामान्य ग्राहकाच्या खात्यातील शून्य शून्यच राहिले. गॅसवरील अनुदानाचा खर्च २०१८-१९ मध्ये ३७,२०९ कोटी रुपये होता. २०२१-२२ मध्ये तो २४२ कोटींवर आला. अनुदान बंद केल्याची मोठी घोषणा नाही, बंद नाही, कोणत्याही पक्षाने पाठिंबा काढून घेतला नाही. रॉकेलचेही तसेच झाले. २०१६ पासून ठरावीक मुदतीने लिटरमागे २५ पैशांची वाढ होत होत १ मार्च २०२० पासून त्याच्या भावातील तूट नाहीशी झाली. चार दशके ज्या सुधारणेची अर्थशास्त्रज्ञ वाट पाहत होते ती अशा रीतीने पार पडली.

पुढील साहाय्य आले ते अधिकाराच्या रूपाने नव्हे, निवडक देणगीच्या रूपाने. मे २०२२ मध्ये उज्ज्वला ग्राहकांना सिलिंडरमागे २०० रुपये मिळू लागले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. दरम्यान ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वांसाठी २०० रुपयांची व मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांची कपात झाली. तेलकंपन्यांना त्यांच्या तोट्यापोटी ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी रुपये एकरकमी मिळाले. जुन्या पूल अकाउंटची आठवण करून देणारा हा व्यवहार होता. महाराष्ट्र शासनाने जून २०२४ च्या अर्थसंकल्पात, विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर असताना, वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली. ‘मोफत’ सिलिंडराचे पैसे दारात आधी पूर्ण भरावयाचे होते. उज्ज्वला ग्राहकांस केंद्राचे ३०० व राज्याचे ५३० रुपये मागाहून खात्यात यावयाचे होते. शिवाय जोडणी स्त्रीच्या नावे असणे आवश्यक ठेवले होते, आणि राज्यातील असंख्य घरांत गॅसचे पुस्तक नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर होते.