सेवाग्रामची कुटी व आमची ध्यानकुटी

सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून चर्चच्या मागील आंब्याखाली एक लहानशी ध्यानकुटी बांधावी, असे धर्मग्रामाच्या सभेत ठरले, हे वाचकांस ठाऊकच आहे. ती कशाची बांधावी याविषयी मात्र एकमत झालेले नाही. मातीची बांधली तर लोक आपणांस दरिद्री म्हणतील, असे एका पक्षाचे म्हणणे. सिमेंटच्या पेटीत कसले ध्यान व्हावयाचे, असे दुसऱ्याचे. या वादाचा निकाल देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. तथापि आपल्याच विदर्भात अशा एका कुटीचा इतिहास घडलेला आहे. निर्णय करण्यापूर्वी तो सर्वांच्या डोळ्यांपुढे असावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, तेव्हा १९४० साली या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथे पहिले घर बांधावयाचे तर आराखड्याआधी अटी ठरल्या. खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये. सामान आसपास मिळेल तेच घ्यावे. काम गावच्याच हातांनी व्हावे. या अटींतून 'आदिनिवास' उभा राहिला. आज ज्या घरास आपण 'बापू कुटी' म्हणतो ते मूळचे मीराबेन यांचे. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही कन्या, पूर्वाश्रमीची मॅडलिन स्लेड, १९२५ साली गांधीजींकडे आली व त्यांचीच होऊन राहिली. तिने मातीच्या भिंतींवर मातीनेच ताडाची झाडे व चरखा उठावात काढले. रंग नाही, सोने नाही; तरी त्या भिंती पाहून मन प्रसन्न होते.

या कुटीची रचना ऊन, वारा व पाऊस यांच्याकडून शिकून केलेली आहे. विदर्भातील वैशाखाचे ऊन मातीची जाड भिंत एकदम आत येऊ देत नाही. भिंत तापेपर्यंत सूर्य कलू लागतो. कवेलूंच्या फटींतून आतील तापलेली हवा वर निघून जाते. मातीचा खरा शत्रू पाणी. म्हणून जोते उंच आणि वळचण इतकी पुढे की झड भिंतीपर्यंत पोहोचू नये. भोवतालच्या ओसरीत सावलीही मिळते व आल्यागेल्यास बसावयास जागाही. आमच्या भंडाऱ्यात वर्ध्यापेक्षा पाऊस अधिक, तेव्हा आपणांस वळचण याहूनही पुढे घ्यावी लागेल. आपल्याकडे बांबू भरपूर आहे. तो तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे त्यातील पिठूळ अंश निघून जातो व भुंगा लवकर लागत नाही.

या कुटीचा आम्हा ख्रिस्ती लोकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. १९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन लेखक लुई फिशर सेवाग्रामी आठवडाभर राहिले. गांधीजींच्या खोलीतील मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसले, आणि ते प्रभू येशू ख्रिस्ताचे होते. त्याखाली इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील, ख्रिस्तच आपली शांती होय अशा अर्थाचे वचन होते. पुढे जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच तेथे आले. ते १९५१ साली रोम येथे दीक्षित झालेले कॅथलिक याजक. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत त्यांनी सेवा केली व १९६९ साली याजकीय कार्यातून ते बाजूस झाले. कुटीत बसून त्यांनी जो विचार केला तो त्यांनी सेवाग्रामच्या परिषदेत मांडला. त्याचे सार असे, की माणसाच्या सोयीपेक्षा सामानाचीच सोय पाहिली की ते घर राहत नाही. आणि या कुटीत गरजेपुरते सर्व काही आहे, पाहुण्यास व आजाऱ्यासही जागा आहे.

येथवर सर्व गोड वाटते. पण मातीचे घर एकदा बांधून सुटका होत नाही. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, पावसानंतर भिंती लिंपाव्या लागतात, जमीन वारंवार सारवावी लागते. याविषयी आपल्या जिल्ह्याचाच इतिहास बोलका आहे. भंडारा व १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया हा तलावांचा प्रदेश. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने येथे शेकडो तलाव बांधले. त्यांवर धानाची शेती पिकली. तलावाचा गाळ काढणे, पाळ राखणे हे गावाचे काम होते. १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले. परंतु तिच्याबरोबर गावाचा हातही तलावावरून उठला, आणि अनेक तलाव गाळाने भरले.

आता आमचाच एक अपराध सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका खेड्यातील मातीचे प्रार्थनागृह पाडून आम्ही सिमेंटचे व पत्र्याचे बांधविले. लोक आनंदले, आम्हीही धन्य मानून घेतले. आज एप्रिलच्या दुपारी तेथे जपमाळेची पाच दशके होईपर्यंत कोणी टिकत नाही. पण उष्म्याहून अधिक सलते ते निराळेच. पूर्वी पुनरुत्थानाच्या सणाआधी गावच्या बाया पोचारा-सारवण घेऊन येत, भिंत लिंपता लिंपता भजने म्हणत, रुसलेल्या जावा तेथे बोलत्या होत. सिमेंटास कोणाच्या हाताची गरज नाही. म्हणून कोणी येतही नाही. इमारत पक्की झाली, मंडळी कच्ची राहिली.

म्हणून आमची विनंती एवढीच. कुटीचा आराखडा काढण्यापूर्वी खर्चाची मर्यादा ठरवावी, आणि ती मोडू नये. माती की सिमेंट हे ठरविण्यापूर्वी दरवर्षी कवेलू फेरावयास व भिंत लिंपावयास कोणकोणती कुटुंबे येतील, त्यांची यादी करावी. यादी भरली तर मातीची बांधावी. न भरली तर मातीचे नाव घेऊ नये, कारण वर्षभरात ती ढासळेल व दोष मातीस येईल. दारिद्र्याचे म्हणाल, तर राखेच्या बुधवारी तुम्ही सारे आमच्यापुढे कपाळ करता व आपण माती आहो हे मान्य करता. मग मातीच्या भिंतीची लाज कां वाटावी?

असो. नासरेथच्या साध्या घरात ज्याने तीस वर्षे गुप्तपणे काढली तो प्रभू आमच्या या लहान कार्यास आशीर्वाद देवो, आणि यादीवर पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.