शाबासकी आणि ठपका

माणसांच्या हातून नेहमीच्या कुवतीपलीकडचे काम कसे करवून घ्यावे, हा प्रश्न सेनापतीला पडतो, तसाच कारखानदाराला आणि घरच्या कर्त्यालाही पडतो. मी त्याचे उत्तर शोधू लागलो की हात आपोआप कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीकडे वळतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेली ही छोटेखानी बखर लढाईइतकीच लढाईनंतरची हकिगतही सांगते.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या फौजेचा पाडाव झाला. त्यानंतर काय घडले, ते सभासद हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने नोंदवतो. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून २५, ५०, १००, २०० होन दिले. नामांकित पराक्रम्यांना हत्ती, घोडे, कडी, तुरे मिळाले. मला यात औदार्यापेक्षा भरवसा मोठा वाटतो. आपण पडलो तरी घरची चूल विझणार नाही, आणि आपली जखम कुणाच्या तरी नजरेत भरली आहे, हे जाणणारा शिपाई पगारापुरता कसा लढेल?

परंतु जिथे शाबासकीला एवढे मोल, तिथे ठपकाही तितकाच खोल जातो. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सोडून दिले. खान पुन्हा उलटला. महाराजांनी कडक शब्दांत लिहिले, की खानाला बुडविल्याखेरीज आम्हांस तोंड दाखवू नये. पत्रामागचा राग रास्त होता. पण तो शब्द सेनापतीच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. दुसऱ्या एखाद्या धन्याचे पत्र त्यांनी कदाचित बासनात गुंडाळून ठेवले असते!

ही बातमी ऐकून महाराज फार कष्टी झाले, असे बखर सांगते. पुढे मार्च १६८० मध्ये त्यांनी आपल्या धाकट्या पुत्राचे, राजारामांचे, लग्न प्रतापरावांच्या कन्येशी, जानकीबाईंशी लावून दिले. त्यानंतर महिन्याभरातच, ३ एप्रिलला, महाराज निवर्तले.

माणसे शब्दासाठी जीव टाकतात, हे खरेच. म्हणूनच तो शब्द उच्चारणाऱ्याचे देणे काम फत्ते झाल्यावर संपत नाही, आणि काम फसल्यावर तर मुळीच संपत नाही.